‘अकाउंट्स’ म्हणजे कोण?

माझ्या नोकरीच्या पस्तीस वर्षांपैकी सात वर्षे मी संगणकासमोर बसले की माझे नाव ‘अकाउंट्स’ असे असायचे. हेच नाव आणखी वीस जणांचे होते. सकाळी साडेआठला सातपूरच्या कारखान्यात पाऊल टाकायचे, कार्ड पंच करायचे, वर विभागात येऊन यूपीएसचे बटण दाबायचे आणि पडद्यावर चौकट आली की सगळ्यांना पाठ असलेले ते नाव आणि सगळ्यांना पाठ असलेला तो पासवर्ड टाकायचा, हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की त्यात काही वावगे असेल असे कधी मनातसुद्धा आले नाही. पासवर्ड म्हणजे कारखान्याचे नाव आणि त्याला जोडून स्थापनेचे वर्ष. तो खरेदी विभागाला ठाऊक होता, स्टोअरला ठाऊक होता, डिस्पॅचला ठाऊक होता. सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या फाइलसाठी त्याच्या घरी फोन करावा लागत नाही, याचे आम्हाला कौतुकच वाटायचे.

२०२४ साली मी निवृत्त झाले. तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येते आणि ती नीट लिहून काढावी असे वाटते. कचेरीत कामाची जागा सामाईक असायला हवी, कागद सामाईक असायला हवेत, पण काम करणाऱ्याचे नाव सामाईक करणे ही निराळी गोष्ट आहे. या दोहोंची आम्ही गल्लत केली आणि तिची किंमत एका मुलाने मोजली.

मी १९८९ साली लागले तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता. रोजकीर्द, खतावणी, किरकोळ खर्चाचे पुस्तक, स्टोअरमधील प्रत्येक रॅकला अडकवलेले ‘बिनकार्ड’ म्हणजे तिथल्या मालाच्या शिलकीचे कार्ड, आणि गेटवरची आवक-जावक नोंदवही, असा सगळा कारभार कागदावर चालायचा. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून किरकोळ खर्चाच्या पुस्तकात एक रक्कम चुकली. मी शाई ब्लेडने हलकेच खरवडली आणि त्यावर बरोबर आकडा लिहिला. आमच्या हेडक्लार्कनी ते पाहिले, पण ते रागावले नाहीत. त्यांनी ते पान खिडकीच्या उजेडात धरले. खरवडलेल्या जागी कागद इतका पातळ झाला होता की पलीकडचा उजेड दिसत होता. “बाई, इथे आधी काय होते ते मला आता कधीच कळणार नाही,” एवढेच ते म्हणाले, आणि मग त्यांनी मला पद्धत शिकवली: चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपली छोटी सही करायची. पुढची पस्तीस वर्षे मी हिशेबाचे जे काही काम केले त्याचा पाया त्या एका मिनिटात घातला गेला असे मी मानते.

त्या पुस्तकांची आणखी एक गोष्ट होती, आणि ती इतकी उघड होती की कोणी बोलून दाखवत नसे. पानापानावर माणूस दिसायचा. हेडक्लार्कांचा ‘श’ गाठ मारल्यासारखा असायचा, स्टोअरच्या काकांच्या सातचे शेपूट खालच्या ओळीत उतरायचे, आणि माझे आकडे, शाळेत बाईंनी लावलेल्या वळणामुळे, रेघेला टेकून उभे राहायचे. पुस्तक एकच होते, कपाट एकच होते आणि कपाटाची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असायची, ती कोणीही घेऊ शकत असे. तरीही कुठली नोंद कोणी केली हे विचारण्याची वेळ येत नसे.

१९९७ मध्ये पहिले तीन संगणक आले आणि त्यांच्याबरोबर फ्लॉपीचे दिवस आले. १.४४ एमबीच्या त्या चौकोनी तबकडीवर स्टोअरचा साठा दर शनिवारी आमच्याकडे यायचा, आणि पावसाळ्यात तिला बुरशी धरली की पुन्हा कागदावरून सगळे टंकावे लागायचे. त्या काळाबद्दल मला फार काही सांगायचे नाही. फ्लॉपीच्या लेबलावर आणणाऱ्याची सही आणि तारीख असायची, एवढे मात्र आठवते.

२००४ साली वार्षिक देखभालीचा करार असलेल्या मुलाने कारखानाभर निळ्या तारा ओढल्या आणि चौदा संगणक एकमेकांना जोडले. खरा सर्व्हर घेण्याइतके पैसे मंजूर झाले नव्हते, म्हणून आमच्याच विभागातील एका टेबलाखाली एक साधा संगणक ठेवून त्यावर विंडोज एक्सपी प्रोफेशनल घातले, त्यातील एक फोल्डर सर्वांसाठी खुले केले आणि प्रत्येक यंत्रावर त्याला ‘झेड’ हे अक्षर दिले. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखीव, सी म्हणजे आपली हार्ड डिस्क, पुढची एकदोन सीडीला आणि पेनड्राइव्हला लागणार, म्हणून भांडण नको या हिशेबाने त्याने थेट शेवटचे अक्षर धरले. तेव्हापासून आमच्या बोलण्यात ‘झेडवर टाक’, ‘झेडवरून घे’ हे शब्द रुळले. पुढे यंत्रे बदलली, खरे सर्व्हर आले, पण ते अक्षर मी निघेपर्यंत तेच होते.

एकच नाव सर्वांना कसे चिकटले, हेही सांगायला हवे, कारण त्यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. अशा साध्या जोडणीत एका यंत्राने दुसऱ्याला विनासायास ओळखावे यासाठी दोन्हीकडे तेच नाव आणि तोच पासवर्ड असावा लागतो. वीसएक माणसांची खाती टेबलाखालच्या यंत्रावर वेगवेगळी उघडायची, कोणी पासवर्ड बदलला की तो दोन्हीकडे बदलायचा, हे महिन्यातून दोनदा येणाऱ्या त्या मुलाला झेपण्यासारखे नव्हते. पहिले खाते त्याने आमच्या विभागात तयार केले म्हणून त्याचे नाव ‘अकाउंट्स’ पडले, आणि मग सोयीसाठी तेच त्याने सगळीकडे चालवले. एक्सेल आणि वर्ड बसवतानाही वापरणाऱ्याचे नाव विचारले जाते, तिथेही त्याने प्रत्येक यंत्रावर तेच लिहिले. पासवर्ड काय ठेवायचा हे त्याने मला विचारले होते आणि तो मीच सांगितला होता.

झेडमुळे आमचे काम खरोखर सोपे झाले, हे मी मनापासून सांगते. ग्राहकांचे दर, ड्रॉइंगच्या सुधारित प्रती, चलने, ठेकेदारांची बिले, सगळे एका जागी आले. डिस्पॅचची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिचे काम एका दिवसासाठीही अडले नाही. अडचणी होत्या, पण त्या आम्ही निभावून नेल्या. एक्सपी प्रोफेशनलवर एका वेळी दहाच यंत्रे जोडता येतात, त्यामुळे अकरावा माणूस बाहेर राहायचा आणि जिन्यातून आवाज यायचा, “झेडवरून कोणीतरी उतरा हो!” कामगारांसाठीच्या मराठी सूचना श्रीलिपीत टंकलेल्या असत, आणि तो फाँट ज्या यंत्रावर नाही तिथे ती फाइल उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसायची. फाइल सर्वांना पोहोचली तरी सर्वांना वाचता येतेच असे नाही, हे आम्हाला युनिकोड येईपर्यंत रोज अनुभवावे लागले. पहिल्याच महिन्यात आणखी एक धडा मिळाला: आपल्या यंत्रावर पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडते, पण नेटवर्कवरच्या ड्राइव्हमधून पुसलेली फाइल तिथे जात नाही, ती गेली की गेलीच. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी झेडची प्रत सीडीवर काढून ती कपाटात ठेवण्याचे काम मी माझ्याकडे घेतले.

नावाचा प्रश्न पहिल्यांदा जाणवला तो अगदी लहानशा गोष्टीत. एखादी एक्सेलची फाइल दुसऱ्या कोणी उघडलेली असली की आपल्याला चौकट दिसते आणि ती कोणी अडवली आहे त्याचे नावही दिसते, म्हणजे त्या माणसाला फोन करून ‘जरा बंद करता का’ असे विचारता येते. आमच्याकडे त्या चौकटीत प्रत्येक वेळी ‘अकाउंट्स’ असे यायचे. मी स्वतःच ‘अकाउंट्स’, आणि मला ‘अकाउंट्स’ने अडवलेले. मग सगळ्या विभागांना एकेक करून फोन करायचे. हा त्रास आम्ही त्रास म्हणूनच सोसला. ते यंत्र आम्हाला रोज काहीतरी सांगत होते आणि आम्ही ते ऐकले नाही, असे आता वाटते.

२००८ च्या मार्चअखेरची साठामोजणी नेहमीसारखीच झाली. रॅकपाशी दोघे, एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, मग त्या याद्या एका मोठ्या एक्सेल फाइलमध्ये भरायच्या: मालाचा क्रमांक, वर्णन, एकक, नग, दर आणि रक्कम. ओळी साडेतीन हजारांच्या आसपास होत्या. भरण्याच्या कामासाठी ठेकेदाराकडून स्टोअरला एक मुलगा मिळाला होता. त्र्यंबक तालुक्यातील एका गावचा, वीस-एकवीस वर्षांचा, बोलायला कमी आणि बोटाने चपळ. स्टोअरमध्ये यंत्र मोकळे नसले की तो आमच्या विभागात येऊन कोपऱ्यातल्या यंत्रावर बसायचा.

११ एप्रिलला, शुक्रवारी, मी रकमांवर नजर फिरवत असताना एका पितळी बुशपाशी थांबले. त्याचा दर कार्बाइडच्या कटरचा दिसत होता. खालच्या ओळीत साध्या वायसरला बेअरिंगचा दर. मी वर गेले, खाली गेले, सगळीकडे तेच. कोणीतरी दराचा एकच रकाना निवडून तो चढत्या क्रमाने लावला होता आणि बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले होते. असे करताना एक्सेल इशारा देते, शेजारचे रकानेही बरोबर घ्यायचे की फक्त निवडलेलाच हलवायचा असे विचारते. घाईत चुकीच्या गोलावर टिचकी पडली, फाइल साठवली गेली, आणि ती झेडवर असल्यामुळे सर्वांसाठीच बिघडली. फाइलच्या माहितीत शेवटच्या बदलाची वेळ होती: बुधवार, ९ एप्रिल, संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटे. बदल करणाराचे नाव: ‘अकाउंट्स’.

काम परत उभे करायला आम्हाला दीड दिवस लागला. ५ तारखेच्या शनिवारची सीडी होती, त्यावरून फाइल घेतली आणि सोमवारपासूनच्या नोंदी कागदावरून पुन्हा भरल्या. नुकसान एवढेच होते. पण शनिवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावले गेले आणि प्रश्न विचारला गेला की हे कोणी केले. कोणीच बोलले नाही, आणि बोलणार तरी कोण, ज्याने केले त्यालाही ते समजलेले नसणार. थोड्या वेळाने सगळ्यांच्या नजरा एकाच बाजूला वळल्या. तो नवा होता, तो ठेकेदाराचा होता, आणि त्या फाइलवर सर्वांत जास्त वेळ तोच बसत होता. कोणी त्याचे नाव घेतले असेही मला आठवत नाही. दुपारी ठेकेदाराला फोन गेला आणि सोमवारपासून तो मुलगा आला नाही. जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, “मॅडम, मी नाही केलं.” मी मान हलवली. तो होकार होता की नकार, हे माझे मलाच सांगता येणार नाही.

मे महिन्यात ठेकेदाराचे एप्रिलचे बिल पास करण्याचे काम माझ्याकडे आले. बिलातले तास आणि गेटवरच्या नोंदवहीतले तास ताडून पाहायचे असतात, म्हणून ती जाड वही घेऊन मी एकेक तारीख उतरत होते. ९ एप्रिलच्या पानावर त्या मुलाची सही होती. आत येण्याची वेळ ८.२५, बाहेर जाण्याची ५.५५. शेजारी सुरक्षारक्षकाची सही. सहा वाजून दहा मिनिटांनी तो कारखान्यात नव्हता.

टेबलाखालच्या यंत्राचे घड्याळ मी लगेच जाऊन भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून पाहिले. फरक दोन मिनिटांचाही नव्हता. मग मी आठवू लागले की त्या बुधवारी सहानंतर वर कोण कोण होते. खरेदीचे एक जण होते, डिस्पॅचचे एक जण होते, आणि मी होते. ती फाइल त्या संध्याकाळी मीही उघडली होती, हे मला पक्के आठवते, कारण मला स्क्रॅपच्या दरांची खात्री करायची होती. दर बघायला मी तो रकाना निवडला होता का, त्या इशाऱ्याच्या चौकटीवर मी टिचकी मारली होती का, हे मला आठवत नाही. ती चौकट मी आयुष्यात इतक्या वेळा पाहिली आहे की त्यांतली एक वेगळी काढता येत नाही. मी केले असेल किंवा केले नसेल. जो एकमेव पुरावा होता त्यात माझे नाव ‘अकाउंट्स’ होते, आणि उरलेल्या दोघांचेही.

मी ती वही घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी पान वाचले, माझ्यासमोर ठेकेदाराला फोन लावला. तो मुलगा सिन्नरकडे कुठल्याशा कामावर गेला होता आणि ठेकेदाराकडे त्याचा नंबर उरला नव्हता. साहेबांना वाईट वाटले, ते मला दिसले. पण शनिवारी केबिनमध्ये मी एवढे जरी म्हटले असते की सहानंतर मीही त्या फाइलमध्ये होते, तर सगळ्यांच्या नजरा एकाच बाजूला वळल्या नसत्या. ती वही त्या दिवशीही गेटवरच होती.

माझे माहेर निफाड तालुक्यातले. आमच्या आजोबांची विहीर तीन भावांत सामाईक होती आणि पाण्याची पाळी ठरलेली होती. लहानपणी मला वाटायचे की सामाईक म्हणजे कोणाचेच नाव नसलेले. नोकरीला लागल्यावर एकदा वडिलांबरोबर तलाठी कार्यालयात गेले तेव्हा सातबारा पहिल्यांदा नीट वाचला, आणि सामाईक खात्यात तर सगळ्यांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात हे पाहून नवल वाटले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक. हे नाव कधी लागले, कशामुळे लागले, कोणाचे कमी झाले, हे त्या क्रमांकाने फेरफाराच्या नोंदवहीत जाऊन बघता येते, आणि तलाठ्याने घेतलेली नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याशिवाय ती पक्की होत नाही. भाऊबंदकीची भांडणे काही त्यामुळे टळली नाहीत, पण भांडायला निदान एक कागद तरी होता. आपल्याकडे शेतकऱ्याला जे उमगले होते, ते आम्ही पदवी घेतलेली माणसे संगणकावर विसरलो.

पासवर्डचा जन्मच मुळी सामाईक यंत्रातून झाला, हे मी पुढे वाचले तेव्हा मला फार समाधान वाटले. १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत उभी केली. तिला सीटीएसएस म्हणत. यंत्र एक, वापरणारे अनेक, आणि प्रत्येकाच्या फाइली मात्र त्याच्या त्याच्याच राहायला हव्यात, म्हणून त्यांनी प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड दिला. दुसऱ्याच वर्षी ॲलन शेर नावाच्या संशोधकाने आपल्याला यंत्रावर जास्त वेळ मिळावा म्हणून पासवर्डची अख्खी यादी छापून घेतली. कुलूप आणि ते चुकवण्याची युक्ती या दोन्ही गोष्टी इतक्या जुन्या आहेत. मला त्यातला पहिला भाग महत्त्वाचा वाटतो: एकत्र राहायचे म्हणूनच नावे वेगळी ठेवावी लागली.

२०११ मध्ये आमच्याकडे खरा सर्व्हर आला, डोमेन म्हणजे सगळ्यांची खाती एकाच जागेवरून सांभाळण्याची व्यवस्था आली, आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे खाते मिळाले. सर्वांत मोठा विरोध स्टोअरच्या काकांकडून झाला. ते माझ्याही आधीपासून तिथे होते. “ताई, इतकी वर्षं एका डब्यात जेवलो आपण. आता एकमेकांना कुलपं लावायची का?” असे ते म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते, आणि ते खोटे नव्हते. त्यांच्या दृष्टीने एकच पासवर्ड म्हणजे विश्वास, आणि वेगळा पासवर्ड म्हणजे संशय. मी वाद घातला नाही. मी रेकॉर्ड रूममधून १९९३ चे स्टॉक रजिस्टर काढून आणले, त्यांच्या टेबलावर उघडे ठेवले, आणि त्यांच्याच हातची एक दुरुस्ती शोधून त्यांना दाखवली. एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, लांब शेपटाचा सात, आणि छोटी सही. मी विचारले, “काका, ही सही तुमच्या जागी दुसऱ्या कोणाला करू दिली असती का?” ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. “माझ्या सहीला हात कोण लावेल,” ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या कॉम्प्युटरच्या मुलाला म्हणाले, “दाखव रे कसं करायचं ते.” एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी आपला पासवर्ड घातला. तो त्यांनी मलाही कधी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

त्यानंतर झेडची रचनाही बदलली. दर वाचायचे सर्वांनी, बदलायचे खरेदीच्या दोघांनीच. साठा भरायचा स्टोअरने, बघायचा आम्ही. नेटवर्कवरून मिळणारा अधिकार आणि फोल्डरवर घातलेला अधिकार हे दोन वेगळे असतात आणि त्यांत जो जास्त कडक तोच चालतो, हे मी त्या मुलाकडून बसून शिकून घेतले, कारण पहिले काही दिवस प्रत्येकजण ‘मला उघडत नाही’ म्हणून माझ्याकडेच यायचा. सर्व्हर दिवसातून दोनदा फाइलींच्या जुन्या अवस्था जपून ठेवायचा, त्यामुळे शनिवारच्या सीडीची वाट बघण्याची वेळ पुन्हा आली नाही. आणि फाइल अडली की चौकटीत माणसाचे नाव यायचे. पहिल्यांदा तिथे काकांचे नाव दिसले तेव्हा मी फोन न करता जिना उतरून स्टोअरमध्ये गेले.

वेगळ्या नावांचा आणखी एक उपयोग मला मे २०१७ मध्ये कळला. १२ तारखेच्या शुक्रवारी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्याने विस्कळीत केले, आणि तो पसरला तो फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतील त्रुटीतून, जिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने दिली होती. आम्ही वाचलो. पण त्या सोमवारी आमच्या कॉम्प्युटरच्या माणसाने मला समजावून सांगितले की असे व्हायरस एकदा यंत्रात शिरले की जोडलेल्या ड्राइव्हवरही पोहोचतात, आणि तिथे त्यांचा हात चालतो तो लॉगिन केलेल्या माणसाच्या अधिकारापुरता. सर्वांना सगळे खुले असलेले आमचे जुने खाते त्या दिवशी असते, तर एका यंत्रावरून संपूर्ण झेड गेला असता. क्वालिटी विभागात मोजमापाच्या मशीनला जोडलेला एक जुना एक्सपीचा संगणक होता, तो त्याच दिवशी नेटवर्कवरून काढला, आणि तिथले अहवाल पुन्हा हातात पेनड्राइव्ह घेऊन वर येऊ लागले.

१ एप्रिल २०२३ पासून तर कायद्यानेच कंपन्यांना असे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. हेडक्लार्कांची आडवी रेघ आता यंत्र स्वतःच मारते. पण छोटी सही त्याला आपण द्यावी लागते. धाकट्या मुलाच्या मित्राने सांगितले की त्याच्या कचेरीत अजूनही चौघे जण एकाच लॉगिनवर काम करतात, कारण प्रत्येक लॉगिनचे वेगळे पैसे पडतात. ही अडचण खरी आहे, लहान धंद्याला ती जाणवतेच. मी त्याला एवढेच सांगितले की लॉगिन एक असले तर शेजारी एक वही ठेवा आणि बसणाऱ्याने वेळ लिहून सही करायची.

काका २०१४ साली निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. त्यानंतर एकदा स्टोअरची जुनी फाइल शोधताना मी मालकाचा रकाना, म्हणजे फाइल कोणाच्या खात्याच्या नावावर आहे ते दाखवणारा रकाना, पाहिला. तिथे त्यांचे नाव नव्हते. ‘एस-१-५-२१’ आणि पुढे आकड्यांची लांबलचक रांग होती. मी विचारले तेव्हा कळले की सर्व्हर आतून माणसाला क्रमांकानेच ओळखतो, आणि खाते पुसले की त्या क्रमांकाला लावायला नाव उरत नाही. निवृत्त होणाऱ्यांची खाती आमच्याकडे त्याच दिवशी पुसली जात होती. मी साहेबांना लेखी विनंती केली की पुढे कोणाचेही खाते पुसू नये, फक्त बंद करावे. ती मान्य झाली. काकांचे नाव मात्र परत आणता आले नाही.

३१ मे २०२४ हा माझा शेवटचा दिवस. दुपारी निरोप झाला, श्रीफळ-शाल झाली, आणि त्यानंतर मी एक तास मागून घेतला. झेडवरच्या जुन्या दप्तरात २००८ च्या साठ्याची ती बिघडलेली प्रत मी तशीच जपून ठेवली होती. मी ती उघडली. पितळी बुशासमोर कार्बाइडच्या कटरचा दर, आणि माहितीच्या पानावर शेवटचा बदल करणारा ‘अकाउंट्स’. मी काही बदलले नाही. रेकॉर्ड रूममधून गेटची ती वही आणवली, ९ एप्रिलचे पान स्कॅन केले, त्या मुलाची सही आणि ५.५५ ही वेळ स्पष्ट वाचता येते आहे ना हे मोठे करून पाहिले, आणि ते पान त्या फाइलच्या शेजारी ठेवले. खाली दोन ओळींची टीप लिहिली की त्या संध्याकाळी सहानंतर वर तीन माणसे होती आणि त्यांपैकी एक मी होते.

पाचला कॉम्प्युटरचा मुलगा आला. त्याने यादीत माझे नाव शोधले, ते निवडले, खाते बंद केले. नावाशेजारच्या छोट्या चित्रावर खाली तोंड केलेला एक बाण उमटला. मी त्याला म्हटले, एकदा ते स्कॅन उघडून दाखव. त्याने दाखवले. मालकाच्या रकान्यात माझे पूर्ण नाव होते.